तीन मेलेल्या माणसांची वकिली

रनाळ्याच्या शाळेत मी दुय्यम मास्तर होतो, तेव्हा माझ्याविरुद्ध एक अर्ज गेला आणि त्या अर्जानं मला उचलून सातपुड्यात नेऊन टाकलं. काठी नावाच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर एक गाव होतं, तिथं शाळा होती. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवत आणि आत एक फळा. पटावर अकरा मुलं. गुरं राखून, लाकडं आणून वेळ उरला तर ती यायची, आणि वेळ सहसा उरत नसे. मी सव्वीस वर्षांचा होतो. स्वतःला हुशार समजत होतो आणि आपल्यावर घोर अन्याय झाला आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहिल्याच दिवशी मी हे गावकऱ्यांना उभ्याउभ्या सांगितलं. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्यामुळे त्यांनी ते फार आदरानं ऐकून घेतलं.

अर्ज केला होता रनाळ्याच्या हेडमास्तरांनी. पन्नाशी उलटलेला, खादीचा कोट घालणारा, दोन वेळा चष्मा पुसल्याशिवाय एक वाक्य न बोलणारा माणूस. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. घरात बायको, विधवा बहीण आणि लग्नाच्या दोन मुली, सगळ्यांचं पोट त्या एका नोकरीवर. अर्जात त्यांनी लिहिलं होतं की दुय्यम मास्तर आठवड्यातून तीन दिवस शाळेत येतात आणि शनिवारी बसून सबंध आठवड्याची हजेरी एका बैठकीत भरतात. म्हाताऱ्याला माझी हुशारी बघवत नाही, एवढाच याचा अर्थ मी काढला.

पण माझ्याकडंही हत्यार होतं. त्या वर्षी सरकारला हवा असलेला एक चळवळीतला माणूस खेड्यापाड्यांतून लपत फिरत होता. हेडमास्तरांनी त्याला शाळेत, नकाशांच्या खोलीत झोपायला जागा दिली होती आणि घरून भाकरी नेऊन दिली होती. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या मोजक्या दिवशी मी शाळेत हजर होतो, त्यांतलाच तो एक दिवस. शाळाखात्याच्या डिपोटीसाहेबांना एक पत्र गेलं असतं तर हेडमास्तरांची नोकरी गेली असती, पेन्शन गेली असती, कदाचित बेडीही पडली असती. ते पत्र मी डोंगरात मनातल्या मनात रोज लिहीत होतो. रोज ते थोडं अधिक चांगलं होत होतं.

माझ्या ट्रंकेत एक कादंबरी होती. तिचं वेष्टन आणि पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव मला कधीच कळलं नाही. कुण्या हौशी गृहस्थानं अमेरिकेतली हकीकत इंग्रजीवरून मराठीत उतरवली होती. तिकडचे गुराखी घोड्यावर बसतात आणि कमरेला पिस्तुल लावतात. अशा एका गुराख्याच्या धाकट्या भावाला तीन माणसं घोडेचोर ठरवून झाडाला टांगतात. खरी नजर त्यांची भावांच्या विहिरीवर. दोघांनी दोर ओढलेला, तिसऱ्यानं नुसती त्यांची घोडी धरलेली. थोरला भाऊ प्रेत उतरवतो, ‘हा हंत हंत’ असं म्हणतो, आणि पुढं नऊ वर्षं तिघांना एकेक करून हुडकतो व मारतो. हे पुस्तक मी तीनदा वाचलं होतं. थोरल्या भावाच्या जागी मी होतो, हे सांगायला नकोच.

गावात मराठी समजणारा एकच माणूस होता, तीही अर्धीमुर्धी. माझा शेजारी. दरसाल तो बायकोपोरांना घेऊन मिरची तोडायला खाली रनाळ्याकडं जाई, तिथं तो अहिराणी शिकलेला. त्याला मी दुभाषी म्हणत असे. तो मला ‘तू’ म्हणत असे. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, देवालाही, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी मला ते टोचायचं.

थंडीच्या दिवसांत दुपारची शाळा सुटली की मी अंगणात उन्हाला बसून मोठ्यानं वाचायचो. आधी दुभाषी येऊन बसला, मग गावाचा पाटील, मग तंबाखू मळत चारदोन म्हातारे, आणि पाटलाची आई. तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि तिच्या शब्दाबाहेर गावात कुणी नव्हतं. मी दोन पानं वाचायची, दुभाष्यानं ती त्यांच्या बोलीत सांगायची. कधी माझ्या दोन पानांचं त्याच्याकडं एक वाक्य व्हायचं. कधी एका वाक्याला अर्धा तास लागायचा, कारण घोडा कुठल्या रंगाचा हे पुस्तकात नसलं तरी श्रोत्यांना हवं असायचं.

“हाऊ मानूस कोन्ता गावना?” दुभाष्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

ही नुसती गोष्ट आहे, खरी नाही, असं मी सांगितलं. त्यानं ते इतरांना सांगितलं. इतरांनी आपसात विचार केला आणि त्यांचं म्हणणं असं पडलं की मास्तर आपल्या नातेवाइकाचं नाव लपवतो आहे. माझा आवाज ज्या रीतीनं चढत होता, त्यावरून त्यांनी हे ताडलं होतं.

पहिला खून नदीच्या उताराशी होतो. थोरला भाऊ झाडामागून पुढं येतो, म्हणतो, ‘आठव माझ्या भावाला!’ आणि गोळी घालतो. ते वाचताना माझ्या अंगावर नेहमी काटा यायचा. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि लोकांकडं पाहिलं. मग पाटलानं काहीतरी विचारलं.

“पाटील इचारस,” दुभाषी म्हणाला, “मंग त्यानी काय जबाब दिधा?”

“कुणी?”

“जो मरना, त्यानी.”

“त्यानं कसला जबाब द्यायचा? गोळी लागली, तो मेला.”

हे उत्तर दुभाष्यानं तिकडं पोचवलं. म्हातारे एकदम बोलायला लागले. पाटलाच्या आईनं हात असा झटकला, जणू तिच्या पानात कुणी शिळं वाढलं होतं. थोड्या वेळानं मला समजावून सांगण्यात आलं की हे असं चालत नाही. झगडा झाला की तो तोडावा लागतो, म्हणजे मिटवावा लागतो. त्यासाठी पंच बसतात. ज्याची तक्रार आहे त्यानं ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याला तोंडावर आधी सांगायची, त्यानं जबाब द्यायचा, मग पंच बोलणार. एका बाजूचं कुणीच नसेल तर तिच्यातर्फे कुणाला तरी उभं करायचं, पण तिला मुकं ठेवायचं नाही. या पुस्तकात एक बाजू मुकी होती. सबब पुढचं वाचण्याआधी तिचा निकाल लावणं भाग होतं.

“त्यास्नाकडथीन कोन बोली?” मी हसत, त्याच्याच अहिराणीत विचारलं.

“तू बोल,” दुभाषी म्हणाला. “तुले त्यास्नं समदं माहीत शे.”

मी साफ नकार दिला. मी नायकाचा माणूस. त्या तीन हलकटांची वकिली मी करू? दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. मी एकटाच मोठ्यानं वाचत बसलो. एक शेळी काय ती ऐकत होती, तीही मध्येच उठून गेली. पाचव्या दिवशी मी तयार झालो. एकटेपणानं माणूस काय काय कबूल करतो ते मला तेव्हा कळलं.

पंच बसले. मी उभा राहून तीन मेलेल्या माणसांतर्फे बोललो. आधी कसंबसं, मग हळूहळू जोर चढला, कारण मी मुळात बोलका माणूस. मी म्हणालो, आमच्या घोड्यांची खरोखर चोरी होत होती. आमच्याकडं पाणी नव्हतं, विहीर त्यांची होती आणि ते आमच्या गुरांना जवळ येऊ देत नव्हते. हे पुस्तकात होतंच, फक्त मी ते आजवर भराभर वाचून पुढं जात असे. तिसऱ्यातर्फे मी म्हणालो, मला काय माहीत ते काय करणार आहेत. मला घोडी धर म्हणाले, मी धरली.

“घोडा चोरेल व्हता का नव्हता?” पाटलाच्या आईनं विचारलं, दुभाष्यामार्फत.

“नव्हता. खोटा आळ.”

“देख.”

मी पानं चाळली. दुसऱ्या प्रकरणात, जिथं दोघे भाऊ जेवायला बसतात, तिथं धाकटा हसत सांगतो की परवा एक तांबडा घोडा त्यानं दुसऱ्यांच्या कुंपणातून सोडवून आणला आणि बाजारात विकून टाकला. थोरला त्याच्या पाठीवर थाप मारतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा मलाही हसू आलं होतं. आता ते वाचून दाखवताना हसू आलं नाही.

निकाल संध्याकाळपर्यंत लागला. धाकट्याच्या घरानं घोडा परत करायचा आणि वर एक बकरा द्यायचा. एका घोड्यासाठी माणूस टांगला म्हणून तिघांच्या घरांनी मिळून थोरल्याला बैलजोडी द्यायची, आणि विहिरीचं पाणी दोन्हीकडच्यांनी भरायचं. थोरल्यानं तीन घरं उजाड केली, तेव्हा एकेकीला एक अशी तीन वर्षं त्यानं त्या तीन विधवांची शेतं नांगरून द्यायची. यावर पाटलाची आई म्हणाली की घोडी धरणाऱ्याचा दोष सगळ्यांत कमी, म्हणून त्याच्या बायकोला दोन वर्षं. म्हणजे चार झाली. मी म्हणालो की थोरला भाऊ शेवटी घोड्यावर बसून दूर निघून जातो. त्यावर त्यांनी विचारलं की कुठं जातो आणि पेरणीला परत येतो की नाही.

माझ्यात सुधारणा झाली असं कुणाला वाटेल. उलट माझं डोकं फिरलं. माझा नायक, ज्यानं नऊ वर्षं झोप घेतली नाही, तो परक्या बायकांच्या शेतात बैल हाकणार! त्या रानटी न्यायाचा मला संताप आला, आणि त्या तांबड्या घोड्याचा त्याहून जास्त. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी डिपोटीसाहेबांना पत्र लिहून काढलं. नकाशांची खोली, भाकरी, तीन रात्री, सगळं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पाकीट बंद केलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्या गावाला टपाल नव्हतं. खाली जाणारा माणूस नेईल तेच टपाल. दुभाषी चार दिवसांनी मिरचीला निघाला होता. मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

“कोनले देवानं शे?” त्यानं विचारलं.

“नंदुरबारला लाल पेटी आहे, तीत टाक. साहेबांना जाईल.”

“कोना बारामा शे?”

मला खरं तर सांगायचं कारण नव्हतं. पण विजयाच्या भरात माणूस बोलून जातो. “रनाळ्याच्या हेडमास्तरांबद्दल,” मी म्हणालो. त्यानं मान हलवली, पाकीट मुंडाशात खोवलं आणि तो गेला.

त्यानंतरचे दिवस मी मोजत होतो. आज पोचलं असेल. आज साहेबांनी फोडलं असेल. आज चौकशीचा हुकूम निघाला असेल. नवव्या-दहाव्या दिवसापासून मला हेडमास्तरांच्या धाकट्या मुलीचं तोंड आठवायला लागलं. ती कधीकधी शाळेत त्यांचा डबा घेऊन यायची आणि मलाही लिंबाचं लोणचं द्यायची. मी ते आठवणं बंद करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पण पत्र परत यावं असं वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. फक्त जे होईल ते माझ्या नजरेआड व्हावं, एवढंच वाटलं.

सोळाव्या दिवशी दुपारी दुभाषी आला. त्याच्या मागून, धोतराचा काचा मारून, एका हातात छत्री आणि एका हातात बूट घेऊन, हेडमास्तर टेकडी चढत होते.

“लई उनू त्याले,” दुभाषी म्हणाला, म्हणजे त्याला घेऊन आलो. त्याच्या चेहऱ्यावर जोखमीचं काम चोख पार पाडल्याचं समाधान होतं.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की पत्राचं काय केलंस.

“त्याले दिधं.”

“साहेबांना टाक म्हणून सांगितलं होतं ना!”

“साहेबले कसाले? साहेब काय आपला भाऊबंद शे का?” तो म्हणाला. “ज्याना बारामा तक्रार शे, त्याले पहिले सांगनं पडस. माले वाटनं, तू विसरी गया.”

हेडमास्तर टेकले. चष्मा पुसला. मग म्हणाले, “मास्तर, पत्र मी फोडलं, माफ करा. हा म्हणाला ते माझंच आहे. हा म्हणाला पंच बसायचे आहेत, म्हणून पाच दिवसांची रजा टाकून आलो.” आणि खोकत राहिले. चार दिवसांची वाट होती त्यांच्या वयाला, जाऊन येऊन.

त्याच दिवशी पंच बसले, त्याच अंगणात. या वेळी कुणाची वकिली करायची नव्हती, दोन्ही बाजू हजर होत्या. पाटलानं आधी हेडमास्तरांना विचारलं की कागदात लिहिलं आहे ते खरं का.

“खरं शे,” हेडमास्तर म्हणाले. गावच्या माणसांशी ते अहिराणीतच बोलत. “फक्त तीन राती नही. चार.”

मग मला विचारलं की यांनी तुझ्याविरुद्ध जो कागद लिहिला, त्यातलं खरं का. मी रनाळ्यात सगळ्यांना, वरच्या साहेबांना, माझ्या सासऱ्यांना एवढ्यात पन्नास वेळा सांगितलं होतं की तो सगळा द्वेष आहे. पाटलाची आई माझ्याकडं बघत होती. ती आता ‘देख’ म्हणेल असं मला वाटलं.

“खरं आहे,” मी म्हणालो.

“लिखा पहिले यानी तुले तोंडवर सांगं व्हतं का?” पाटलानं दुभाष्यामार्फत विचारलं.

“दोनदा सांगितलं होतं.”

त्यावर पंचांनी डोकी एकत्र केली. हेडमास्तरांनाही दोष लागला. तक्रार तीनदा सांगावी लागते, त्यांनी दोनदाच सांगितली होती. त्यांना एक कोंबडी दंड झाला. त्यांनी तो निमूटपणे कबूल केला आणि मला वाटतं त्यांना तो पटलाही. मला बकरा दंड. मी न सांगताच लिहिलं होतं.

मग हेडमास्तरांनी खिशातून ते पाकीट काढलं आणि माझ्यापुढं धरलं. “हे तुमचं आहे,” ते म्हणाले. “खोटं काही नाही त्यात, तेव्हा फाडा असं मी कसं म्हणू? टाकायचं असेल तर सांगा. परतताना मी नंदुरबारवरूनच जाणार आहे. मी टाकतो.”

ते टोमणा मारत नव्हते. तसा माणूसच नव्हता तो. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी विचार केला की हे बरं होईल. त्यांनी टाकलं तर माझ्या हातून काही झालंच नाही. इतका नीच विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

पाटील वाट बघत होता. तक्रार करणाऱ्यानं काय हवं ते सांगितल्याशिवाय झगडा तुटत नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले, कुणालाच घाई नव्हती.

“मला रनाळ्याला परत यायचं आहे,” मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं. सव्वीस वर्षांचा बाप्या, बारा माणसांदेखत.

दुभाष्यानं माझं म्हणणं सांगितलं. पाटलाला नवल वाटलं की एवढंच होतं तर हे पहिल्या दिवशी का नाही बोलला. मी पाकीट चुलीत घातलं. हेडमास्तरांनी तिथंच, माझ्याच दौतीनं, शिफारस लिहिली की दुय्यम मास्तरांची वर्तणूक सुधारली असून त्यांना रनाळ्यास परत नेमावं. शेवटी दोघांनी एका पानाच्या द्रोणातून मोहाची दारू प्यायची असते. हेडमास्तर गांधींचे, त्यामुळे अडचण आली. बराच खल होऊन आम्हा दोघांना गुळाचं पाणी चालेल असं ठरलं, आणि आमच्या वाटची दारू गावानं आमच्यातर्फे पिऊन टाकली. ते काम त्यांनी मनापासून केलं.

शिफारशीवर चार महिने काही झालं नाही. मग एकाच आठवड्यात दोन हुकूम निघाले. पहिला हेडमास्तरांना बडतर्फ केल्याचा. चळवळीतल्या माणसाला शाळेत ठेवल्याची खबर साहेबांना कुणीतरी दिली होती. कुणी, ते मला आजही माहीत नाही. दुसरा हुकूम माझा. रनाळ्याची जागा रिकामी झाली होती, फायलीत माझ्या नावाची शिफारस होती, तीही खुद्द हेडमास्तरांच्या हातची. मला त्यांच्या खुर्चीवर नेमलं होतं.

रनाळ्यात मी पोचलो तेव्हा मोटारीतून माझी ट्रंक उतरवायला कुणी पुढं आलं नाही. पाणक्यानं घागर बाहेरच ठेवली. खबर मीच दिली हे गावानं ठरवूनच टाकलं होतं; कुणी शिवी दिली नाही, कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्या बाजूचे साक्षीदार होते की! सातपुड्यातला एक पाटील, त्याची आई, एक मिरची तोडणारा. पण त्यांना कोण बोलावणार?

हेडमास्तरांना हे कळलं. एका बाजारच्या दिवशी चावडीपाशी निम्मं गाव जमलेलं असताना ते आले. अंगावर तोच कोट, पण कोपरांवर ठिगळं. मला बघून थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आयुष्यात ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि माझ्यासाठीही बोलले नाहीत.

“मास्तरवर खार खाऊ नका,” ते म्हणाले. “कागद त्यानी लिखेल व्हता. पन पेटीमा टाका नही.”

लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि तिसऱ्याच्या वेळी ते आपसात बोलायला लागले होते. मी तिथंच उभा होतो. मला हरकत घेता येईना, कारण हेडमास्तर म्हणत होते ते सगळंच खरं होतं.